रुजुवात

राहीबाईनं पहिल्यांदा कुदळ हातात घेतली, त्या दिवशी शेजारच्या टोळ्या काम थांबवून बघत उभ्या राहिल्या. बाईनं पाटी वाहायची, गड्यानं खणायचं, ही रीत. पण तिच्या नवऱ्याच्या, कानिफनाथच्या उजव्या हाताची तीन बोटं दोन वर्षांमागं नेवाशाकडच्या गुऱ्हाळावर चरकात गेली होती. अंगठा आणि करंगळी एवढ्यावर कुदळीचा दांडा ठरत नव्हता. घाव घातला की दांडा फिरायचा आणि कुदळ आडवी पडायची. तीनदा तसं झालं, तेव्हा राहीबाईनं दांडा त्याच्या हातातनं घेतला, पदर कमरेला खोचला आणि घाव घातला. कानिफ तसाच उभा राहिला. मग वाकला आणि फावड्यानं माती ओढायला लागला.

साल त्र्याहत्तर, चैत्र नुकताच लागलेला. आधीचा सगळा पावसाळा कोरडा गेला होता. पारनेर तालुक्यातल्या पिंपळदऱ्याला विहिरीच्या तळाला नुसती ओल उरली होती. बैलजोडी राहीबाईच्या भावाकडं नेवाशाला धाडलेली, कारण तिकडं पाटाच्या कडेला थोडं गवत तरी होतं. माणसं मात्र गावच्या खालच्या अंगाला, पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर. सकाळी हजेरी, दिवसभर माती, दुपारी सरकारी पौष्टिक पिठाची ओंजळभर सुकडी, आणि घरी रेशनवरच्या परदेशी ज्वारीची, मिलोची तांबडी भाकरी, जी कितीही थापली तरी कडेला चिरायचीच.

टोळीत चौघं होती. राहीबाई आणि कानिफ. कानिफची आई रतनबाई, साठीच्या पुढची, पण डोक्यावर भरलेली पाटी घेऊन भरावाचा चढ न थांबता चढणारी. आणि शेजारची चांगुणा, जिचा नवरा नागापूरला कारखान्यात कामाला लागला होता आणि पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचा.

पहिल्या आठवड्यात राहीबाईच्या तळहातांवर फोड आले, फुटले, परत आले. रतनबाई तिच्या हाताला तेल-हळद लावायची आणि तोंडानं बोलत राहायची.

"हात बग कसं झालंत. माझ्या लेकाचं नशीब, आन् तुझ्या हाताची सालटी."

"आत्याबाई, निगंल चामडं. दुसरं येतंय की."

आलं. दुसऱ्या महिन्यात तिचे तळहात पायताणासारखे झाले. घावही बदलला. आधी ती नुसत्या दंडाच्या जोरावर मारायची, आता कमरेतनं मारायला शिकली होती. वर हातभर काळी माती, तिच्याखाली चुनखडीचा चार बोटांचा पांढरा पट्टा, त्याखाली तांबडा मुरूम. मुरमात कुदळ ठणकन वाजायची. तिथं ती पहार घ्यायची, फट शोधायची आणि सगळं अंग टाकून ढेकूळ उलथायची.

कामाचं माप खोलीवर होतं. काठ पाट्या वाहणाऱ्यांच्या पायांनी झिजतो, म्हणून खड्डा खणताना मधोमध मूळ जमिनीचा एक खांब तसाच सोडायचा. पंधरवड्याच्या शेवटी मिस्तरी येणार, त्या खांबाची उंची टेपनं मापणार, तेवढी खड्ड्याची खोली धरणार. काही टोळ्या गुपचूप खांबाच्या डोक्यावर माती थापून तो उंच करायच्या. सापडल्या की कामावरून कमी व्हायच्या. म्हणून सगळ्यांचाच सगळ्यांवर डोळा असायचा.

दुपारची सुट्टी तासाभराची. बाया बाभळीच्या विरळ सावलीत आडव्या व्हायच्या. राहीबाई पुस्तक काढायची.

माहेरी ती चौथीपर्यंत शिकली होती. लग्नानंतर बारा वर्षं अक्षर दिसलं ते दुकानातल्या पुडीच्या कागदावर, नाहीतर एसटीच्या पाटीवर. गावातले दत्तोपंत मास्तर आणि त्यांची बायको सुनीतीबाई शाळेतच राहायचे, आणि शाळेतलं पुस्तकांचं कपाट सुनीतीबाई सांभाळायच्या. माघात एकदा त्यांनी राहीबाईला पुडीचा कागद सरळ करून वाचताना पाहिलं, आणि कपाटातली एक कादंबरी तिच्या हातात ठेवली. तिचं वरचं पान फाटून गेलेलं, त्यामुळे नाव कुणाला माहीत नव्हतं.

"पाणी लागू देऊ नका, तेलाचा हात लावू नका. बाकी किती दिवस ठेवायची ती ठेवा," सुनीतीबाई म्हणाल्या.

कादंबरी जुन्या काळातली होती. एका पाटलाची तरुण विधवा सून, तिच्या वतनावर डोळा ठेवून असलेला दीर, आणि दप्तरात बसणारा एक म्हातारा दप्तरदार. राहीबाई बोट ठेवून, ओठ हलवत वाचायची. सुरुवातीला एका पानाला अख्खी दुपार जायची. रतनबाई आधी कुरकुरली, "दमली असशील, पड की जरा." मग एक दिवस तिनंच कुशीवर वळून विचारलं, "काय म्हंतो गं त्यो दीर?" त्यानंतर राहीबाई मोठ्यानं वाचायला लागली. चांगुणाही जवळ सरकून बसायची.

एका दुपारी एक वाक्य आलं, "सनदेची रुजुवात झाल्याखेरीज मी शिक्का उठवणार नाही, असे म्हणून दप्तरदाराने दौत झाकली."

राहीबाई अडखळली.

"रुजुवात म्हंजे?" चांगुणानं विचारलं.

"बी रुजतं तसं आसंल," राहीबाई म्हणाली. "सनद पक्की रुजाया पायजे, मंग शिक्का."

रतनबाईला ते पटलं. "बराबर हाय. रुजल्याबिगर काय खरं न्हाई."

पण राहीबाईच्या मनाला ते बसेना. कागद कसा रुजेल? त्या संध्याकाळी शाळेवरून जाताना तिनं सुनीतीबाईंना विचारलंच. त्या तांदूळ निवडत होत्या. हसल्या.

"सांगितला तर उद्या विसराल. पुढं वाचा. तोच शब्द परत येईल. आजूबाजूची माणसं काय करताहेत ते बघा, तीच अर्थ सांगतील."

आठ-दहा दिवसांनी तो परत आला. "साक्षीदारांच्या जबान्यांची रुजुवात घेता घेता दुपार टळली. एकाचे बोलणे दुसऱ्याशी जुळेना." इथं बी चालत नव्हतं. जबान्या रुजत नाहीत. राहीबाई दिवसभर कुदळीच्या घावाबरोबर ते वाक्य म्हणत राहिली. जुळेना. म्हणजे जुळवायला घेतल्या होत्या.

आणि मग तिसऱ्यांदा. या वेळी राहीबाई वाचता वाचता उठून बसली. "दप्तरदाराने अस्सल कागद उजव्या हाताशी ठेवला, नक्कल डाव्या हाताशी. एकेका ओळीवर बोट ठेवीत त्याने रुजुवात केली. सातव्या ओळीवर त्याचे बोट थांबले."

"सापडला!" राहीबाई ओरडली.

"कोन, दीर?" रतनबाईनं विचारलं.

"शबूद, आत्याबाई! अस्सल आन् नक्कल शेजारी शेजारी ठिवायची. बोट ठिवून वळीला वळ ताडून बगायची. ती रुजुवात!"

बाभळीखाली तिघी हसल्या. फावड्याच्या दांड्यावर डोकं टेकून झोपलेला कानिफ जागा झाला आणि म्हणाला, "काय झालं?" कुणी त्याला सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात मापाचा दिवस आला.

आसाराम मिस्तरी वाईट माणूस नव्हता. उन्हानं त्रासलेला, सकाळपासून चाळीस खड्ड्यांत उतरलेला. या ओळीतल्या टोळ्यांची खोली तीन फूट, पावणेतीन फूट अशी निघत होती. तो राहीबाईच्या खड्ड्यात उतरला, खांबाला टेप लावली, आणि परत लावली.

"चार फूट दोन इंच?"

"व्हय मिस्तरी," कानिफ म्हणाला.

मिस्तरीनं त्याच्या हाताकडं पाहिलं. मग तिघी बायांकडं. हातातल्या काठीनं त्यानं खांबाच्या डोक्याला टोचलं. थोडी माती भुरभुर खाली पडली.

"ही बग. वरनं माती चढवलीया."

"न्हाई मिस्तरी, आईच्यान न्हाई."

"गप. ह्या वळीत धा-धा गडी असल्याल्या टोळ्या तीनच्या वर गेल्या न्हाईत. तुजा हात ह्यो असा. ह्या बायांनी मुरमात चार फूट खनलं म्हंतूस? मी येडा हाय का?"

खड्ड्याच्या काठावर माणसं जमली. कानिफनं उजवा हात पाठीमागं नेला. राहीबाईनं ते पाहिलं. तो हात तो पाहुण्यांसमोर असाच लपवायचा.

"मी तीन फूट धरतो," मिस्तरी म्हणाला. "आन् दुपारी साहेब यायचं हायेत, त्यांच्या कानावर घालनार. टोळी कमी करायची का ठिवायची ते बगतील."

रतनबाई शिव्या द्यायला लागली. चांगुणा रडायला लागली. राहीबाईला बोलायचं होतं, पण ओरडणं येत नव्हतं आणि रडायचं नव्हतं. मग तिच्या तोंडून आलं ते एवढंच,

"मला रुजुवात पायजे."

मिस्तरी थांबला. "काय पायजे?"

"रुजुवात."

"कसली वात? दिव्याची का निरांजनाची?"

काठावरची माणसं खदखदून हसली. मागनं कुणी तरी म्हणालं, "तेल बी मागा वं बाई!" परत हशा. राहीबाई खांबाच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"साहेब येस्तवर ह्या खांबाला कुनी हात लावायचा न्हाई. तुमी बी न्हाई, आमी बी न्हाई."

मिस्तरी खांदे उडवून पुढच्या खड्ड्याकडं गेला. जाताना म्हणाला, "तवर कुदळ चालवू नका. बसा हवा खात."

ती दुपार मोठी होती. चहूकडं कुदळी वाजत होत्या, पाट्या चढत होत्या, आणि ही चौघं आपल्याच खड्ड्यात हात मांडीवर ठेवून बसलेली. येणारा-जाणारा वाकून बघायचा. सुकडी वाटणारी बाई आली, त्यांच्यापाशी जरा घुटमळली, आणि नेहमीपेक्षा थोडी कमीच ओंजळ टाकून गेली. पाय तापल्या मुरमावर टेकवत नव्हते.

"राहे," चांगुणा हळूच म्हणाली, "घिऊ की तीन फूट. हात जोडू. टोळी मोडली तर आपुन कुटं जायचं गं?"

"केलंच न्हाई तर हात कशाला जोडायचे?"

ती असं म्हणाली खरी, पण आतून धसकली होती. शब्दाचा अर्थ तिनं आपला आपणच लावला होता. बी रुजण्याचा अर्थही तिनंच लावला होता, आणि तो चुकला होता. हाही चुकला असला तर? साहेब शिकलेला माणूस. तोही हसला, तर सबंध तलावावर तिला ‘वातवाली’ म्हणतील, आणि कानिफला ‘वातवालीचा नवरा’.

कानिफ तिच्या शेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "तू म्हनलीस त्ये मला कळलं न्हाई. पर तू म्हनलीस म्हंजे काय तरी आसंल."

तीनच्या सुमारास साहेबांची मोटारसायकल आली. कामावरचे इंजिनियर शामकांत साहेब तरणे होते, डोक्याला रुमाल बांधलेला, बुटांवर धूळ. मिस्तरीनं त्यांना वाटेतच सगळं सांगितलं. ते खड्ड्यात उतरले.

"कुणी काय मागितलं म्हणे?"

मिस्तरी हसतच म्हणाला, "ही बाई म्हंते, मला रुजवात का काय ती पायजे."

साहेब हसले नाहीत. त्यांनी राहीबाईकडं नीट पाहिलं.

"रुजुवात? हा शब्द कुठून आणला तुम्ही? माझे वडील कोर्टात नकलनवीस होते, त्यांच्या तोंडून ऐकला होता. त्यानंतर आज."

"पुस्तकातनं, साहेब."

"अर्थ माहीत आहे?"

काठावर परत माणसं गोळा झाली होती. राहीबाईनं पदर सारखा केला.

"अस्सल उजव्या हाताला ठिवायची, नक्कल डाव्या हाताला. एकेका वळीवर बोट ठिवायचं. जुळलं तर खरं, न्हाई जुळलं तर खोटं."

"मग इथं अस्सल कोणतं?"

"खड्ड्याची भित्ताड, साहेब. तिला कुनाचा हात लागल्याला न्हाई. आन् ह्यो खांब. मिस्तरी म्हंत्यात ह्यो नकली हाय. दोन्ही शेजारी ताडून बगा. खांब मधनं उभा चिरा. काळी माती, पांढरा पट्टा, मुरूम. भित्ताडीत ज्या उंचीला, खांबात बी त्याच उंचीला पायजेत. वरनं माती चढवली आसंल, तर काळी माती भित्ताडीपरीस खांबाला जादा निगंल."

साहेबांनी भिंतीकडं पाहिलं, खांबाकडं पाहिलं. मग मिस्तरीला म्हणाले, "सुतळी आणा."

आधी त्यांनी स्वतः टेप लावली. चार फूट दोन इंच. मग म्हणाले, "बाई, खांब चिरला की परत उभा राहणार नाही. चुकलात तर मापायला काही उरणार नाही."

"चिरा साहेब."

"तुम्हीच चिरा."

राहीबाईनं पहार उचलली. पंधरा दिवस त्या खांबाला धक्का लागू नये म्हणून ती वाकडी होऊन घाव घालत आली होती. आता तिनं पहार वरून खाली उभी धरली, कडेनं टोचत टोचत अर्धा खांब सोलून काढला. आतला भाग ताजा, ओलसर तांबडा दिसला. साहेबांनी भिंतीतल्या पांढऱ्या पट्ट्यापासून खांबापर्यंत सुतळी ताणली. एक टोक कानिफनं धरलं, दुसरं मिस्तरीनं.

सुतळी खांबातल्या पांढऱ्या पट्ट्यावरून बरोबर गेली. साहेबांनी पट्ट्यावर बोट ठेवलं. मग वर, काळ्या मातीत. हरळीची वाळकी मुळं चिरलेल्या मातीतून उभी खाली उतरली होती, दोऱ्यासारखी, कुठंही न तुटता. साहेबांचं बोट मुळांच्या बाजूनं वर वर गेलं आणि अगदी डोक्यापाशी थांबलं.

तिथं दोन बोटं माती भुसभुशीत होती. तिच्यात मुळं नव्हती.

मिस्तरीनं लगेच मान वर केली. काठावर कुजबुज झाली. चांगुणानं तोंडाला पदर लावला.

राहीबाई पुढं वाकली. तिनं ती माती चिमटीत घेतली, चोळली, फुंकली. पिठासारखी उडाली.

"ही आमची बी न्हाई, जमिनीची बी न्हाई," ती म्हणाली. "ही भरावाची धूळ हाय. वारं सुटलं की समद्याच खांबांवर बसती. ही धरू नका साहेब. काढून टाका आन् मंग मापा."

"दोन इंच कमी होतील."

"हुंद्यात. जे आमचं न्हाई ते आमाला नको."

तिनं स्वतःच तळहातानं ती धूळ झाडली. खाली टणक जमीन लागली, वर हरळीची खुंटं. साहेबांनी परत टेप लावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चार फूट. पुरे चार फूट."

मग ते शेजारच्या खड्ड्यात उतरले, त्याच्या पुढच्याही. तिथल्या खांबांवरही तेवढीच भुसभुशीत धूळ होती. परत येऊन त्यांनी मिस्तरीला विचारलं, "तीन फूट कशावरून धरत होता तुम्ही?"

मिस्तरीनं मान खाली घातली. "साहेब, बायांची टोळी... मला वाटलं, हुयाचं न्हाई."

"वाटण्याचं माप कोणत्या टेपवर असतं?"

मिस्तरी सुतळी गुंडाळत राहिला. साहेब राहीबाईकडं वळले.

"मुरमात चार फूट. या ओळीत सगळ्यांत खोल तुमचा खड्डा आहे. कुणी खणला?"

राहीबाई काही बोलायच्या आत कानिफनं उजवा हात पुढं केला, ती दोन बोटं सगळ्यांना दिसतील असा, आणि तिच्याकडं दाखवला.

"हिनं. कुदळ हिची हाय साहेब. मी माती वढतो."

काठावर कुणी हसलं नाही. एक म्हातारा गडी, दुसऱ्या टोळीचा, खाली उतरला. त्यानं खड्ड्याच्या तासलेल्या भिंतीवरून हात फिरवला आणि मान हलवली. "सरळ उतरलीया," तो म्हणाला. "माझ्या पोरास्नी बी अशी भित्ताड धरता येत न्हाई." तेवढंच बोलून तो वर चढला. रतनबाईनं मात्र गर्दीकडं तोंड केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नेवाशाची हाय. बारा वर्सं माज्या घरात हाय. कुदळ चालवाया बी मला दुसरं कुनी लागलं न्हाई आन् शबूद सांगाया बी न्हाई!"

पुढच्या मापाला मिस्तरीचे हाल झाले. जो तो खड्ड्यात उभा राहून म्हणायचा, "रुजवात करा!" कुणी ‘रूजवत’ म्हणायचं, कुणी ‘रुजुबात’. ज्याचं माप बरोबर होतं तोही मागायचा. मिस्तरी कातावायचा, पण सुतळी कमरेलाच ठेवायला लागला. धूळ आधी झाडायची, मग टेप लावायची, हा नेम सगळ्या तलावावर पडला. दत्तोपंत मास्तरांच्या कानावर गेलं, तेव्हा ते म्हणाले, "आमच्या सातवीच्या पोरांना हा शब्द येत नाही." सुनीतीबाईंनी राहीबाईसमोर कपाट उघडं ठेवलं आणि म्हणाल्या, "या वेळी तुम्हीच निवडा."

टोळीला नवा खड्डा मिळाला तो तलावाच्या पोटाजवळचा, जिथं कच्चा खडक लवकर लागतो. नवी हजेरी लिहायला कारकून सकाळीच आला होता. तेव्हा राहीबाई टँकरपाशी घागर घेऊन उभी होती; टोळीचं नाव सांगायला कानिफ गेला होता, तिला काही माहीत नव्हतं. टोळ्या तिथं गड्याच्या नावानं लिहायची पद्धत.

दुसऱ्या दिवशी सूर्य डोंगरावर आला नव्हता. माणसं रांगा धरून उभी होती, डोक्याला फडकी, हातात अवजारं. कारकुनानं नावांचा पुकारा सुरू केला.

"सहादेव भिमाजी गाजरे!"

"हाय!"

"रंगनाथ म्हातारबा औटी!"

"हाय!"

कारकुनानं पान उलटलं, डोळे बारीक केले, परत वाचलं.

"राहीबाई कानिफनाथ ठुबे!"

रांगेतली डोकी वळली. राहीबाईला आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तिनं कानिफकडं पाहिलं. तो सरळ समोर बघत उभा होता, फावडं खांद्यावर, जशी काही रोजचीच हजेरी.

"राहीबाई कानिफनाथ ठुबे! टोळी हाय का न्हाई?"

तिनं कुदळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. आवाज निघाला तो भरावाच्या पलीकडच्या टोकाला ऐकू गेला.

"हाय!"